धन पाहणारा डोळा

माझ्या मुलीचा डावा डोळा काचेचा होता. तो मुंबईहून मागवलेला होता, आणि तिच्या उजव्या डोळ्याच्या रंगाशी तंतोतंत जुळणारा डोळा त्या वेळी शिल्लक नसल्यामुळे किंचित घारा आला होता. गावात ज्यांना हकिकत ठाऊक नव्हती ते एक डोळा घारा म्हणून तिला भाग्यवान समजत; ज्यांना ठाऊक होती ते तिच्याशी बोलताना माझ्याकडे पाहत. तिला स्वतःला त्या डोळ्याचे फारसे काही वाटत नसे. लपंडावात राज्य आले की ती उजवा डोळा हाताने झाकी आणि डावा सताड उघडा ठेवी. मग इतर मुले "गुरुजी, ही बघतीया" अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येत. काचेच्या डोळ्याने दिसत नाही, हे मी त्यांना समजावून सांगे. माझे म्हणणे शास्त्रदृष्ट्या बरोबर होते. मुलांचेही बरोबर होते. ती बोटांच्या फटीतून, उजव्याने पाहत असे.

संस्थान विलीन होऊन काही वर्षे लोटली होती आणि आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी नळदुर्ग आणि मुरूम यांच्या दरम्यानच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर होतो. शाळेत आम्ही दोघेच शिक्षक. हेडमास्तरांचे सारे शिक्षण उर्दूत झालेले. राज्य बदलले तेव्हा त्यांनी पहिलीच्या वर्गात मुलांच्या मागे बसून मराठी लिहिणे शिकून घेतले, आणि त्या वर्गाच्या वार्षिक परीक्षेत आपण दुसरे आलो हे ते अभिमानाने सांगत. पहिला आलेला मुलगा लबाडी करत होता, असेही सांगत.

मुलगी दोन वर्षांची असताना एका दिवेलागणीला माझ्या पत्नीने कंदील लावला आणि ती वळली, तर उंबऱ्यावर बसलेल्या मुलीचा डावा डोळा मांजराच्या डोळ्यासारखा पांढरा चमकला. तिने मला हाक मारली. मी प्रकाशाच्या परावर्तनाचा नियम सांगितला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारले, "मग दुसरा का चमकत नाही?"

या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही सोलापूरच्या मोटारीत होतो.

डोळ्यात गाठ होती. डॉक्टरांनी तिला कॅन्सर म्हटले, आणि हा प्रकार लहान मुलांनाच होतो, असे सांगितले. डोळा काढला तर मूल राहते. ठेवला तर गाठ मागच्या मागे मेंदूकडे सरकते आणि मग कोणाच्याच हातात काही राहत नाही. डोळा काढला. उजवा मात्र काही वर्षे ठरावीक मुदतीने तपासून घ्यावा लागणार होता. निघताना डॉक्टर म्हणाले, "तुम्ही वेळेत आलात. बहुतेक लोक येतात तेव्हा डोळा खोबणीच्या बाहेर आलेला असतो. तुम्ही शिक्षक आहात, लोकांना सांगा."

शिक्षकाला 'लोकांना सांगा' म्हणणे हे उतारावरच्या गाडीला धक्का देण्यासारखे आहे.

घरी आल्यावर आमचे आयुष्य उजव्या डोळ्याभोवती फिरू लागले. पत्नी रोज संध्याकाळी सुपात तांदूळ घेऊन बसे आणि मुलीला समोर बसवून खडे वेचायला लावी. खडे नसले तर ती स्वतः चार घाली. मुलगी वाढली तशी तिला ही युक्ती कळली. "आई, मघाशी टाकलेला खडा देऊ, की आधीचा?" असे ती विचारी. पत्नीला या विचारण्याचा राग येत नसे. टाकलेला खडा दिसला, याचा अर्थ डोळा ठीक आहे. आमच्या घरच्या भातात त्या काळात एकही खडा लागला नाही.

माझ्या मनात एकच गोष्ट होती. या पंचक्रोशीत असा आणखी एखादा डोळा असेल, तर तो वेळेत सापडावा. मुलगी चार-पाच वर्षांची होईपर्यंत मी हे भेटेल त्याला सांगत राहिलो; मग एकदा चावडीपुढे व्याख्यान दिले. डोळ्याची मोठी आकृती काढून नेली होती. विषय स्पष्ट व्हावा म्हणून मांजराच्या डोळ्यांचे उदाहरण घेतले, आणि तिथे व्याख्यान संपले. कारण त्यानंतर तासभर मांजरांवरच चर्चा झाली. शेवटी एका म्हाताऱ्याने निकाल दिला, "लेकरांना क्यान्सर होत न्हाय, गुरुजी. त्यो पिकल्या पानांचा रोग हाय," आणि सभा उठली.

ऐकून पटत नसेल तर प्रत्यक्ष पाहावे, हा अध्यापनाचा नियम आहे. मी बॅटरी घेतली आणि पत्नीला बरोबर घेऊन दिवेलागणीला घरोघर जाऊ लागलो. अंधाऱ्या खोलीत मूल मांडीवर घ्यायचे, बॅटरी आपल्या डोळ्याच्या बाजूला धरायची आणि मुलाच्या बाहुलीत प्रकाश टाकायचा. निरोगी बाहुली काळी किंवा तांबूस दिसते. पांढरी चमकली, किंवा डोळा अचानक तिरळा झाला असला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. वाचकांनी हेही लक्षात ठेवावे. गोष्ट जुनी असली तरी डोळे बदललेले नाहीत.

डॉक्टरांनी आम्हाला मुलीच्या जन्माविषयी बरेच प्रश्न विचारले होते. पद्धतशीर तपासणी म्हणजे प्रश्न आलेच, असे समजून मीही प्रत्येक आईला तेच प्रश्न विचारू लागलो. दिवस पुरे भरले होते का? बाळंतपण अवघड गेले का? मूल डोक्याकडून आले की पायाकडून?

पहिल्या चारदोन घरी उत्तरे सरळ मिळाली. पुढच्या घरी मी तिसरा प्रश्न विचारला तेव्हा बाळाच्या आईने सासूकडे पाहिले, सासूने दार लोटून घेतले आणि हळू आवाजात म्हणाली, "पायाकडनंच की. लिवा."

त्याच्या पुढच्या घरी पायाकडून. त्याच्याही पुढच्या घरी पायाकडून. सुईणीकडे चौकशी केली तर ती म्हणाली, "मी गावात हाय तवापासनं एकच पायाळू झालंय, गुरुजी. बाकी समदी डोक्यानंच आली. डोक्यात काय नसलं तरी."

हा उलगडा हेडमास्तरांनी केला. मधल्या सुट्टीत ते पानाला चुना लावत होते.

"मास्तर, हंडा सापडला की आम्हाला विसरू नका."

"कोणता हंडा?"

"लो. आता मलाच विचारतात." त्यांनी पान तोंडात ठेवले. "अंधारात बॅटरी घेऊन पोरांच्या डोळ्यात बघता, पायाळू हाय का म्हणून विचारता, अन् वरतून कोणता हंडा? सारा गाव बोलतोय, गुरुजी धन बघणारा डोळा हुडकतेत म्हणून."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पायाकडून जन्मलेल्या मुलाच्या डोळ्यात विशिष्ट अंजन घातले की त्याला जमिनीत पुरलेले धन दिसते, असा आमच्याकडे समज आहे. विलीनीकरणाच्या धामधुमीत दोन्हीकडच्या लोकांनी भीतीपोटी दागिने, नाणी जमिनीत पुरली होती. बहुतेकांनी ती नंतर काढूनही घेतली. परंतु जे काढले त्याची चर्चा झाली नाही आणि जे राहिले असेल त्याची थांबली नाही. प्रत्येक शेताच्या कोपऱ्यात एक हंडा होता; फक्त कोणता कोपरा, एवढेच ठाऊक नव्हते.

मी त्याच दिवशी सायंकाळी पारावर जाऊन खुलासा केला. मला गुप्तधनाशी कर्तव्य नाही, मी आजार शोधतो आहे, असे स्पष्ट सांगितले. सगळ्यांनी शांतपणे ऐकले.

"बराबर हाय, गुरुजी," एकजण म्हणाला. "असंच सांगायचं. सरकारी कामात बोभाटा नसावा."

त्यानंतर जे घडले ते माझ्या अध्यापनाच्या काळात कधी घडले नाही: न बोलावता मुले येऊ लागली. मुरूमच्या बाजारातून बातमी फुटली आणि शाळेपुढे बैलगाड्या येऊन उभ्या राहू लागल्या. बेंबळीहून एक कुटुंब पाच लेकरे घेऊन आले, पाचही पायाळू. एका गृहस्थाने आपल्या मेहुण्याला आणले. मेहुण्याला मिशा होत्या. "वय जरा झालंय, पण डोळा चांगला हाय," असे तो म्हणाला. एकाने शेळीबद्दल विचारले. मी प्रत्येकाला खरे काय ते सांगे, चमक कशी ओळखावी ते दाखवी, आणि घरी गेल्यावर शेजाऱ्यांना दाखवा म्हणे. प्रत्येकजण डोळा मिचकावून मान डोलावी. पत्नी एका बाजूला बसून चिकटलेले डोळे उकळून गार केलेल्या पाण्याने धुई आणि काजळाची डबी घेऊन आलेल्या आज्यांशी भांडे. मी थकून म्हणालो, की या लोकांना एक शब्दही पटलेला नाही.

"पटो न पटो," ती म्हणाली. "डोळे तर दाखवतायत."

एका रविवारी, सगळ्या गाड्या जुंपून परत गेल्यावर, एक आजोबा आले. आमच्याच गावचे, मोठे शेतकरी. त्यांच्या मळ्यात एक पडका बुरूज होता आणि ते त्या बुरुजाचा विषय निघाला की आवाज खाली आणत. डोक्याला कोरा फेटा, कडेवर तीन वर्षांचा नातू आणि मागे, पदर डोक्यावर घेतलेली सून. माझ्या दारोदारच्या फेरीत त्यांनी "आमच्याकडं लहान लेकरू न्हाय" असे सांगून मला परत पाठवले होते.

"दार लावा," ते म्हणाले. "ह्याला उजेडात बघायचं न्हाय."

मी शाळेचे दार आणि खिडकी लावली. मूल आजोबांच्या मांडीवर होते. डाव्या बाहुलीवर प्रकाश टाकला, काळी. उजवीवर टाकला आणि ती पांढरी उजळली. ओल्या शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. पत्नीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला न विचारता तिने बॅटरी माझ्याकडून घेतली, स्वतः पाहिले आणि विझवली.

अंधारात आजोबांचा आवाज आला. त्यात समाधान होते. "बघितलं? ह्ये बाकीचे येडे उगाच गाड्या जुंपून आले. दिवाळीपासनं चमकतोय. म्या कुणाला बोललो न्हाय. येत्या अवसेला अंजन घालायचं ठरलंय."

मी दार आणि खिडकी उघडली आणि सर्व सांगितले. माझ्या आठवणीत इतके नेमके मी पुन्हा कधी बोललो नाही. ही गाठ आहे. डोळा गेलेलाच आहे, आता प्रश्न मुलाचा आहे. अवसेपर्यंत थांबू नका. माझ्या मुलीला हेच झाले होते.

"तेच विचारणार हुतो," आजोबा म्हणाले. "तुमच्या पोरीचा डोळा सोलापूरच्या डाक्टरनं घेतला. खरा घेतला अन् काचंचा दिला. ह्यात फायदा कुणाचा झाला, गुरुजी?"

"आजोबा, तो डोळा रोगी होता."

"रोगी डोळा कोण कशाला घेईल?"

या तर्कातली चूक मला दिसत होती. ती कोणत्या टोकाने धरावी, ते कळत नव्हते. माझी मुलगी तेवढ्यात दारात आली होती. आजोबांनी तिलाच विचारले, "पोरी, काचंच्या डोळ्यातनं काय दिसतंय का?"

"काही नाही," ती म्हणाली. "पण झोपले तरी तो थोडा उघडाच राहतो. मग आई म्हणते, अजून जागीच आहेस का."

आजोबांनी याचा बराच विचार केला, नातवाला उचलले आणि ते निघून गेले. सून दारात क्षणभर थांबली. तिने माझ्या मुलीकडे पाहिले, मग माझ्या पत्नीकडे, आणि सासऱ्यांच्या मागे गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच मी, पत्नी आणि हेडमास्तर त्यांच्या घरी गेलो. अमावास्या त्याच आठवड्यात होती. अंजनात काय घालतात, ते कोणी सांगत नसे; एवढेच ठाऊक होते, की ते झोंबते. पण मला अंजनाची तेवढी भीती नव्हती. अंजनाने काही दिसले नाही, की पुढची अमावास्या, मग त्याच्या पुढची, हे ओघाने आलेच असते, आणि गाठ कोणासाठी थांबत नाही.

हेडमास्तर वाटेत म्हणाले, "तुम्ही बोलू नका. तुम्ही बोलले की लोकांना शाळा आठवते." परंतु ओसरीवर बसल्यावर तेच गप्प राहिले, म्हणून मला बोलावे लागले.

"आजोबा, हा डोळा धन पाहतो असे तुमचे म्हणणे आहे. हा डोळा काहीच पाहत नाही असे माझे. आपण वाद कशाला घालायचा? प्रयोग करू."

प्रयोग हा शब्द त्यांना आवडला. त्यांनी स्वतःच्या तळहाताने नातवाचा चांगला, डावा डोळा झाकला. मी गुळाचा खडा त्याच्या पुढ्यात धरला. मूल इकडेतिकडे मान वळवत राहिले. खडा नाकासमोर आणला, तरी तसेच. आजोबांनी हात काढल्याबरोबर खडा माझ्या हातातून नाहीसा झाला.

"गूळच दिसला न्हाय," मी म्हणालो. माझ्या तोंडून 'न्हाय' गेले, यावरून माझी अवस्था कळावी.

"गूळ कशाला दिसंल?" आजोबा म्हणाले. "त्यो सोनं बघायचा डोळा हाय."

त्यावर आतून सून बाहेर आली.  तिने गळ्यातली बोरमाळ काढली आणि मुलासमोर धरली. आजोबांनी पुन्हा डोळा झाकला, तशी ती "घे, बाळा" म्हणाली. मुलाने हात पुढे केला, तो आईच्या आवाजाकडे. मणी त्याच्या बोटांपासून वीतभर बाजूला लोंबत होते. "आई, कुठंय तू?" असे तो म्हणाला. ती अगदी समोर होती.

 मला वाटले, आता झाले. परंतु आजोबा हे काटेकोर गृहस्थ होते, आणि शिक्षकाने काटेकोरपणाला नावे ठेवू नयेत.

"वर धरलेलं सोनं कुणालाबी दिसतंय," ते म्हणाले. "त्याला अंजनाचा डोळा कशाला? पुरलेलं दिसतंय का, ते बघाया पायजे."

अंगणात मातीचे तीन ढीग करण्यात आले. सर्वांना पाठ फिरवायला सांगून आजोबांनी एका ढिगात बोरमाळ पुरली. मग चांगला डोळा झाकून नातवाला मध्ये उभे केले. "दाव बरं, बाळा. धन कुठंय?"

मुलाने मधल्या ढिगावर पाय ठेवला. आजोबांनी उकरले. बोरमाळ निघाली.

 आजोबांनी फेटा सारखा केला आणि माझ्याकडे पाहिले. 

"पुन्हा करा," मी म्हणालो. "एका प्रयोगावरून निष्कर्ष काढत नाहीत."

"सापडलं की. आता कशाला?"

तेव्हा हेडमास्तर बोलले. "आजोबा, कावळा बसायला अन् फांदी तुटायला गाठ पडली. कावळ्याला परत एकदा बसवून बघा ना. फांदी तुटली तर मी स्वतः अंजन कुटून देतो."

आजोबांनी पुन्हा पुरले. मुलाने पुन्हा मधला ढीग दाखवला; त्याला मधला आवडला होता. आत काही नव्हते. तिसऱ्यांदा पुरले. मूल मधल्या ढिगावर जाऊन बसले आणि माती दोन्ही हातांनी उडवू लागले. उडवता उडवता त्याने तिन्ही ढीग एक केले.

"मामा," सून सासऱ्यांना म्हणाली, "बोरमाळ कुठल्या ढिगात ठिवली हुती?"

आजोबांनी मातीकडे पाहिले. मातीत आता डावे-उजवे काही राहिले नव्हते. "ह्या... न्हाय, तिकडच्या."

मग आम्ही सगळे उकिडवे बसलो. आजोबा, सून, माझी पत्नी, हेडमास्तर आणि मी. धडधाकट डोळ्यांची पाच माणसे भर उजेडात मघाशी पुरलेले सोने शोधत होती. हेडमास्तरांना एक खिळा सापडला. आजोबा माझ्यावर ओरडले, की तुम्ही बसलाय तिथेच असेल, उठा. मी उठलो, तिथे नव्हती. अखेर ती पत्नीला सापडली, आणि तांदळातला खडा द्यावा तशी तिने ती सुनेच्या हातात दिली.

सुनेने मणी पदराला पुसले, पण माळ गळ्यात घातली नाही. मूल मातीने भरलेल्या हातांनी तिला बिलगले होते. ती सासऱ्यांसमोर बसून राहिली. असे ती एरवी बसत नसावी, कारण आजोबांनी तिच्याकडे आश्चर्याने पाहिले.

"मामा, हंडा निघाला, तर त्यो कुणासाठी काढायचा?"

"ह्याच्यासाठीच की. वंशाला ह्योच हाय."

"मग ह्यो ऱ्हायाला पायजे का न्हाय?"

आजोबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. त्यांचे डोके माझ्या कल्पनेपेक्षा बरेच लहान होते. त्यांनी नातवाला जवळ ओढले, त्याच्या उजव्या डोळ्यापुढे आपले बोट हळूहळू फिरवले, मग पुन्हा, आणखी हळू. बोट डावीकडे आल्यावरच मुलाने ते पकडले.

"सोलापूरची मोटार नळदुर्गासनं कवा सुटती?" त्यांनी मला विचारले.

सोलापूरला आम्ही बरोबरच गेलो. माझ्या मुलीच्या तपासणीची मुदतही जवळ आली होती. तिचा उजवा डोळा स्वच्छ निघाला. मुलाचा डोळा दुसऱ्या दिवशी काढायचे ठरले. आजोबांनी एकच अट घातली, की काढलेला डोळा आपल्याला दाखवावा. डॉक्टर थोडे घुटमळले. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, की ही अट पुरी झाली नाही, तर तालुक्यातला एकही डोळा यापुढे सोलापूरला येणार नाही. त्यांनी ती मान्य केली.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी डोळा मधोमध उघडून एका ताटलीत दाखवला. आत पांढरट गाठ होती आणि तिच्यात चुन्यासारखे कण होते. आजोबांनी कमरेत वाकून, हात मागे बांधून, बराच वेळ निरीक्षण केले.

"ह्यात तर नुसता चुना हाय," ते म्हणाले.

"गाठ आहे. हे कण गाठीतलेच," डॉक्टर म्हणाले. "आता मागची शीर तपासायला पाठवतो. तिच्यात काही नसेल, तर मुलगा वाचला."

अहवाल येईपर्यंत आजोबा दवाखान्याच्या पायरीवरून उठले नाहीत. पत्नी सुनेजवळ बसे. माझी मुलगी त्या मुलाच्या खाटेवर बसून, काचेचा डोळा कसा धुवायचा, याचे सविस्तर शिक्षण त्याला देई. त्याला अजून तो बसवलेला नव्हता, पण शिक्षण आधी द्यावे, हे ती घरी शिकली होती. अहवाल आला, शीर स्वच्छ होती. डॉक्टरांनी तसे सांगितल्यावर आजोबा मला म्हणाले, "परत विचारा. एका डावात खरं मानायचं न्हाय म्हणता न्हवं तुमी?" मी परत विचारले. उत्तर तेच आले. मग ते कोपऱ्यात तोंड करून उभे राहिले आणि उपरण्याने नाक शिंकरू लागले. हेडमास्तरांना पुढे मी हे सांगितले. त्यांनी पानाचा डबा माझ्यापुढे सरकवला.

त्यानंतर मला बॅटरी घेऊन फिरावे लागले नाही. आजोबा दर आठवड्याला मुरूमच्या बाजारात मिरचीवाल्यांच्या शेजारी उभे राहत आणि म्हणत, "लेकराचा डोळा अंधारात चमकला, तर हंडा नका हुडकू. आत चुना असतोय. म्या बघून आलोय." गाठीला ते चुनाच म्हणत. ही गाठ आहे, आजोबा, कॅन्सरची गाठ, असे मी अनेकदा सांगितले. ते मान डोलावत आणि पुढच्या बाजारी पुन्हा चुना म्हणत. लोक मात्र ऐकत, कारण ज्याच्या मळ्यात बुरूज होता तोच धन नाही म्हणत होता. त्यांच्या सांगण्यावरून काही लेकरे सोलापूरला गेली. बहुतेकांना काही नव्हते आणि ती हसत परत आली. एका मुलीला होते. तिलाही वेळेत नेले.

दोन वर्षांनी नातू शाळेत आला. आमच्याकडे सर्व इयत्ता एकाच खोलीत तरटपट्टीवर बसत. त्याला माझ्या मुलीशेजारीच बसायचे होते, आणि त्यातून माझ्यापुढे एक व्यवहारी प्रश्न उभा राहिला. तिचा डावा डोळा नव्हता, त्याचा उजवा. तो तिच्या डाव्या हाताला बसला की दोघांच्या न दिसणाऱ्या बाजू शेजारी येत. कोपर कोपराला लागे, पाटी पाटीवर पडे आणि पाणी सांडे, आणि प्रत्येक वेळी दोघेही खरेपणाने सांगत, की आपल्याला दिसलेच नाही. तो उजव्या हाताला बसला की दिसणाऱ्या बाजू शेजारी येत. मग काही सांडत नसे, पण दोघांचे बोलणे शाळा सुटेपर्यंत थांबत नसे. मी दोन्ही रचना आठवडा आठवडा करून पाहिल्या. शिस्तीच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच वाईट होत्या. हेडमास्तरांचे मत विचारले, तर ते म्हणाले, "मास्तर, बोलू द्या ना दोघांना." मी त्याला उजव्या हाताला बसवले आणि खडू घेऊन फळ्याकडे वळलो.